पहिली दाढ

यंत्र दवाखान्यात आलं तेव्हा आधी त्याची पूजा झाली. आपल्याकडे बोअर मारायच्या गाडीची होते, जेसीबीची होते, तशी ह्याचीही झाली. भोरवड नगरपरिषदेचे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी कुलथे आणि झाडून सगळे नगरसेवक दंतविभागाच्या त्या एवढ्याशा खोलीत एकमेकांच्या पायांवर उभे होते. कुणीतरी यंत्राच्या काचेवरच कुंकवाचं बोट ओढलं. ते पुसायला डॉ. हर्षदा डोखळे पुढे झाली, तर नगराध्यक्ष म्हणाले, “राहू द्या मॅडम, शुभ असतं.”

मग ते स्वतःच खुर्चीत बसले आणि फोटोसाठी त्यांनी आ वासला. हर्षदानं आजवर भोरवडातली हजारो तोंडं पाहिली होती. सडलेली, सुजलेली, तंबाखूनं जळलेली. किळस हा तिच्या धंद्यात परवडणारा प्रकार नव्हता. पण त्या दिवशी, त्या पानानं रंगलेल्या तोंडाभोवती मोबाइल धरून उभे असलेले ते वीस-बावीस पुरुष पाहिले आणि तिला पहिल्यांदा किळस आली. पडद्यावर हिरवी पट्टी आली. “भोरवड व परिसर.” टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या तिचा धाकटा भाऊ भूषण वाजवत होता. तो वॉर्डाचा नगरसेवक, आणि यंत्राच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत पहिला.

यंत्र काय करतं ते एकदा नीट सांगायला हवं, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांना ते धड ठाऊक नव्हतं. माणसाची पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते. पण तिच्यावरचं पांढरं कवच, म्हणजे एनॅमल, त्याच्या कितीतरी आधी, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत हिरडीच्या आत तयार होऊन बसलेलं असतं. हाडं झिजतात आणि पुन्हा भरतात, कातडी बदलते. एनॅमल एकदा झालं की झालं. ते बनत असताना मूल जे पाणी पितं, जे धान्य खातं, त्यातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू कॅल्शियमच्या जागी थोडाथोडा जाऊन बसतो. तो येतो खडकातून. खडकातून मातीत, मातीतून पाण्यात आणि पिकात, तिथून बाळाच्या दाढेत. त्याचे हलके-जड असे प्रकार असतात आणि त्यांचं प्रमाण जागोजागी वेगळं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात जड प्रकार कमी. हिमालयातल्या पुरातन खडकांचा गाळ जिथे साचतो त्या नद्यांच्या मुखाशी जास्त. पूर्वी हे मोजायला दात कुटून प्रयोगशाळेत पाठवावा लागायचा. आता दाढेच्या गालाकडच्या बाजूवर लेझरचा एक ठिपका मारला, की तिथून उडालेली वाफ यंत्र ओढून घेतं आणि तुमचं बाळपण कुठल्या पाण्यावर गेलं ते पडद्यावर दाखवतं.

एक गोष्ट मात्र यंत्राला काही केल्या कळत नाही. नदीच्या मुखाशी सरहद्द आहे आणि सरहद्दीच्या दोन्ही अंगांना गाळ एकच आहे. अलीकडच्या पोराची दाढ आणि पलीकडच्या पोराची दाढ सारखीच बोलते. हर्षदानं हे कुलथ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

“बरोबर आहे,” कुलथे म्हणाले. त्यांचं सगळं नेहमी बरोबरच असायचं. “म्हणून तर लाल पट्टी आली की बाकीचं त्या माणसानं सिद्ध करायचं. आपण कुणाला पकडत नाही मॅडम. आपण फक्त सहकार्य करतो.”

सहकार्य. दिल्लीत झालेल्या कायद्याचं नावच तसं होतं: स्थानिक स्वराज्य संस्था सहकार्य कायदा. परदेशी शोधायचं काम केंद्राचं. पण त्यांची माणसं गावोगाव कुठे पुरणार. म्हणून नगरपरिषदेनं, ग्रामपंचायतीनं ते करायचं. नळजोडणी हवी, तोंड उघडा. मुलाला शाळेत घालायचं, आईबापांनी तोंड उघडा. दाढ दुखते म्हणून आलात, तरी आधी यंत्रापुढे तोंड उघडा. वाचन थेट दिल्लीला जाणार, चेहऱ्याच्या फोटोसकट. जी संस्था नाही म्हणेल ती बरखास्त, आणि जो कर्मचारी वाचनात गडबड करील त्याला तुरुंग. बैलबाजारात दात बघून जनावर घेतात, ते निदान बैलाला पोसायला नेतात.

आणि हर्षदा ते करत होती. सरकारी नोकरी होती, लग्न केलं नव्हतं, घरी आई, भाऊ, भावजय आणि पुतणी. तिनं मनाशी म्हटलं, मी नाही केलं तर दुसरा कुणी करील. असं म्हणणाऱ्या माणसांचा तिला एरवी तिटकारा होता.

आधी सराफ बाजारातले बंगाली कारागीर गेले. कुणी पकडायच्या आतच, भट्ट्या थंड करून, चहावाल्याची उधारी चुकती करून. ते ह्याच देशाचे असल्याची कागदपत्रं त्यांच्याकडे होती, पण कागद दाखवत फिरण्यापेक्षा गेलेलं बरं असं त्यांना वाटलं. भूषणनं चौकात फलक लावला, “भोरवड स्वच्छ.” मग दवाखान्यातली गर्दी ओसरली. लोक दाढदुखी घरातच जिरवायला लागले. एक गिलावा करणारा गडी शेवटी आला तेव्हा जबड्यातून पू गालाबाहेर फुटला होता. तो विदर्भातला निघाला. “साहेब म्हणले असते तू लाल, तर मी काय करणार होतो?” असं तो अर्धवट उघड्या तोंडानं म्हणाला. त्याला हर्षदानं जिल्ह्याला पाठवलं. पुढे तो वाचला की नाही ते तिला कुणी कळवलं नाही.

आणि मग शाळाप्रवेश सुरू झाले, आणि लाल पट्ट्या यायला लागल्या. कुठून, तर भोरवडच्या चांगल्या चांगल्या घरांतून.

ह्याला कारण होतं आणि ते गावात सगळ्यांना माहीत होतं. भोरवडला पोरांना मुली मिळत नव्हत्या. कशा मिळतील? एकेकाळी ह्याच गावातले लोक सोनोग्राफी करून घ्यायला रातोरात जीप करून परगावी जायचे आणि दुसऱ्या दिवशी हलक्या मनानं परत यायचे. ज्या पोटातच संपवल्या त्या पंचवीस वर्षांनी हळद लावून उभ्या राहणार होत्या काय? मग दलाल आले. लांबून मुली आणायचे. ओडिशा म्हणायचे, बंगाल म्हणायचे, कुणी फारसं विचारायचं नाही. मुलगी आली की एका दिवसात लग्न. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि झाली ती आपली. अशा सुनांनी घरं सांभाळली, पोरं काढली, उखाणे पाठ केले, गणपतीला मोदक वळले. दलालानं त्यांना कुठून आणलं ते आता त्यांच्या दाढा सांगायला लागल्या.

पहिली लाल पट्टी पाटील गल्लीतल्या एका सुनेची. हर्षदानंच तिचा गाल आरशानं बाजूला धरला होता. पट्टी लाल झाली तेव्हा तिला अजून कळलंच नव्हतं; ती तोंड उघडं ठेवून डोळ्यांनी विचारत होती, झालं का? हर्षदानं आरसा बाहेर काढला.

चार दिवसांत गाडी आली. निळी, जाळीची. सुनेच्या घरच्यांनी काय करावं? भांडावं, वकील गाठावा, गाडीपुढे आडवं व्हावं? सासूनं दारात पाट मांडला, तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं रीतसर. कपाळाला कुंकू लावलं आणि गाडीत बसवून दिलं. लहान पोरगा आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसवून ठेवला होता. शेजारणीनं विचारलं तर सासू म्हणाली, “माहेरी गेलीय.” मग ही पद्धतच पडली. भोरवडात त्या उन्हाळ्यात एकामागून एक सुना माहेरी गेल्या, आणि परत एकही आली नाही. पोरं मात्र घरातच राहिली. कायद्यानं आई परदेशी ठरली की मूलही परदेशी. पण नगरपरिषदेत जन्मनोंदीत आईचं नाव बदलून मिळत होतं. काकूचं, आत्याचं, कुणाचंही. कुलथे त्यालाही सहकार्यच म्हणत असावेत. ओटी भरून पोलिसाच्या गाडीत घालायचं!

आणि तिच्या घरातही एक सून होती.

भूषणची बायको मधुरा. तांदळात भूषणनं लिहिलेलं नाव ते, आधीचं झरना. शर्वीला जूनमध्ये पहिलीत घालायचं होतं.

मधुरा गच्चीवर कुरडया वाळत घालत होती तेव्हा हर्षदा तिच्याजवळ जाऊन बसली.

“मधुरा, खरं सांग. तुझं गाव कुठल्या देशात होतं?”

मधुरानं कुरडई उलटवली. “पाण्यात होतं, वन्सं.” नणंदेला वन्सं म्हणायचं हे तिला सासूनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. “नदीतलं बेट होतं. कधी ह्या बाजूचे शिपाई यायचे, कधी त्या बाजूचे. दोघंही कोंबड्या न्यायचे. मी दहा-बारा वर्षांची असताना एका पावसाळ्यात बेटच गेलं. आता तिथं काहीच नाही. मी कुठली सांगू?”

हे दिल्लीलाही सांगता आलं नसतं.

“तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात,” मधुरा म्हणाली. तिनं हे आधी घोकून ठेवलं असावं, कारण ती एका दमात बोलली. “माझे सगळे दात काढून टाका. बोळकं करा. दात नाहीत तर मशीन काय वाचणार? शर्वीला बोळक्या तोंडाची आई चालेल.”

“वेडी आहेस का? पन्नाशीच्या आतल्या माणसाला दाढा नसतील तर त्याला सरळ लालच धरतात. तुझ्यासारखा विचार आधीच कुणीतरी केलाय.”

मधुरानं पदरानं डोळे पुसले आणि परत कुरडया उलटवायला लागली. सत्तावीस वर्षांची पोर, सगळे दात मोत्यासारखे, आणि ती ते उपटून द्यायला बसलेली. पण “दाढा नसतील तर” हे स्वतःचंच बोलणं हर्षदाच्या डोक्यातून जाईना. दाढ नसली तर लाल. दाढ हिची असली तरी लाल. आणि दाढ दुसऱ्याची असली तर?

ठिपका पडतो एकाच दाढेवर, तिच्या गालाकडच्या बाजूला, केसाहून कमी खोल. पुढच्या दाताला रंग गेला म्हणून आपण वरून पातळ पापुद्रा चिकटवतो, तसा खऱ्या दाढेच्या एनॅमलचा पापुद्रा कापून चिकटवला तर? रोजचंच काम. आम्लानं दाढ खरखरीत करायची, चिकटद्रव्य लावायचं, निळा दिवा मारायचा. कॅमेऱ्याला दिसेल दाढच, कारण ती दाढच असेल. यंत्र वाचील ते बाळपण ज्याची दाढ त्याचं. फक्त दाढ ताजी हवी, धडधाकट हवी, आणि भोरवडच्याच पाण्यावर वाढलेल्या माणसाची हवी. दवाखान्यात काढलेल्या दाढा होत्या त्या सगळ्या किडक्या; त्यांच्यावर कापण्याएवढं एनॅमलच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुरा शर्वीला बालवाडीत सोडायला गेली तेव्हा हर्षदानं आई आणि भूषणला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. “एक दाढ लागेल,” ती म्हणाली. “भूषण, तुझी उत्तम आहे. मीच तपासलीय दिवाळीत.”

भूषण चहाचा कप हातात धरून बसला. मग त्यानं गालावर हात ठेवला, जणू आताच कुणी पकड घेऊन आलं होतं. “दाढ काढली की गाल बसतो म्हणतात.”

“एका दाढेनं काही बसत नाही.”

“पुढच्या वर्षी निवडणूक आहे ताई. फ्लेक्सवर चेहरा असतो.”

हर्षदाला आधी वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. तिनं आईकडे पाहिलं. शोभाबाईंनी भाजी निवडायला घेतली होती.

“माझ्या आहेत किती,” शोभाबाई म्हणाल्या. “ह्या वयात एक गेली की भाकरी चावायची पंचाईत.”

“आई, तिला घेऊन जातील.”

“मला काय ते बरं वाटतंय? पण आपण तिला उपाशी ठेवलं का? मारहाण केली का? लोकांच्या घरी काय काय चालतं. आपण चांगली साडी नेसवू, ओटी भरू. आणि शर्वीचं भूषण बघून घेणार आहे.”

“काय बघून घेणार आहे?”

भूषणनं कप खाली ठेवला. “कुलथ्यांशी बोलणं झालंय. जन्मनोंदीत आईच्या जागी तुझं नाव लागेल. तुझं लग्न नाही झालेलं, पण त्यालाही काहीतरी काढतील ते. पोरगी आपल्याच घरात राहते ना, मग झालं. आणि मला अजून वय आहे. दुसरी बघता येईल.”

म्हणजे बोलणं आधीच झालं होतं. मधुरा गच्चीवर कुरडया घालत होती तेव्हाच हे दोघं तिला वजा करून बसले होते. हर्षदानं त्या दोघांकडे पाहिलं, आणि हीच ती माणसं, ज्यांच्या ताटात ती जन्मभर जेवली, ह्याची तिला शिसारी आली. ह्याच आईनं तिचे दुधाचे दात हलायला लागले की दोरा बांधून हळूच काढून दिले होते. ते आठवल्यानं शिसारी कमी न होता वाढली. ती उठली, दाराशी मधुराच्या चपला पडलेल्या दिसल्या त्या ओलांडून दवाखान्यात गेली.

खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही दाढ द्यायची नव्हती. आपण काही देवमाणूस नाही हे तिला माहीत होतं. दिवसभर ती जिभेनं आपल्या दाढा चाचपत होती. दंतवैद्य झाल्यामुळे एक धड दाढ म्हणजे काय हे तिला बाकीच्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि पकडलं गेलं तर तुरुंग हेही कळत होतं. पण भूषणचा तो गालावरचा हात डोळ्यांपुढून हलेना. संध्याकाळी तिनं नाशिकच्या वर्गमित्राला, डॉ. इनामदारला, फोन केला.

नाशिकला आपल्या दवाखान्यात इनामदारनं तिची दाढ पाहिली, एक्स-रे पाहिला, परत दाढ पाहिली. “हर्षदा, ही एकदम चांगली आहे.”

“माहितेय.”

“मग?”

“काढ.”

त्यानं थोडा वेळ तिच्या तोंडाकडे न बघता तिच्याकडे पाहिलं. त्याच्या दवाखान्यातही कोपऱ्यात ते यंत्र होतंच, वर कापड टाकून ठेवलेलं. पुढे त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पैसेही घेतले नाहीत. काढलेली दाढ तिच्या हातात देताना एवढंच म्हणाला, “वाळू देऊ नकोस, तडकेल.”

रविवारी दवाखाना बंद असताना हर्षदानं मधुराला खुर्चीत बसवलं. स्वतःच्या दाढेचा गालाकडचा भाग चकतीनं कापला, नखाएवढा पापुद्रा काढला, आतून घासून मधुराच्या दाढेवर बसेल असा केला. मधुराच्या दाढेवरचंही थोडं खरवडावं लागलं. ते पांढरं पीठ पाण्याबरोबर नळीतून वाहून गेलं. कुठल्यातरी बुडालेल्या बेटाचं पाणी होतं त्यात. निळा दिवा लावून धरताना हर्षदाचा गाल ठणकत होता आणि हात मात्र स्थिर होता.

“जिभेला काही लागतंय?”

मधुरानं जीभ फिरवली. “नाही, वन्सं. माझीच वाटते.”

वाचनाच्या दिवशी कुलथे स्वतः हजर होते. नगरसेवकाच्या घरचं प्रकरण. भूषण बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत होता, निळ्या गाडीवाल्याशी असेल नाहीतर कुणाशी. हर्षदानं आरसा धरला. ठिपका पडला. यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घुरघुरत राहिलं, का तिलाच तसं वाटलं कोण जाणे. चिकटद्रव्याचा वास तर नाही गेला आत?

हिरवी पट्टी आली. “भोरवड व परिसर.”

“अरे वा,” कुलथे म्हणाले. “म्हणजे दलालानं गावातलीच मुलगी गावात खपवली की काय?” आणि स्वतःच हसले.

भूषण आत आला, पडदा पाहिला, आणि त्याचा चेहरा क्षणभर कोराच झाला. त्याला हे अपेक्षित नव्हतं; कदाचित हवंही नव्हतं. मग त्याला आपण नगरसेवक असल्याचं आठवलं. तासाभरात पेढे आले. “म्हटलं नव्हतं, आपलीच आहे,” असं तो सगळ्या नगरपरिषदेत सांगत फिरला. हर्षदाच्या तोंडातही त्यानं पेढा कोंबला. टाके अजून ओले होते. तिनं तो बेसिनमध्ये थुंकला आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिली.

शर्वीचा प्रवेश झाला. आठवडा गेला असेल नसेल, मधुरा दवाखान्यात आली. तिच्या पाठीला पिशवी होती, हाताशी शर्वी.

“वन्सं, मी पुण्याला चालले. तिथं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवीय. शर्वीसाठी शाळाही जवळच आहे. आता मला कुणी अडवू शकत नाही ना?”

“नाही,” हर्षदा म्हणाली. “पण का? सगळं तर नीट झालं.”

“त्या दिवशी मी बालवाडीतून लवकर आले होते. स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होते, चपला बाहेर काढून.” मधुराचा आवाज चढला नाही. “यांनी दाढ दिली नाही त्याचं मला काही नाही वाटलं. कुणालाच दुखणं नको असतं. पण दुसरी बघता येईल, असं म्हणाले. मी तिथं उभी असताना.”

हर्षदाला तिला थांब म्हणता आलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? तिनं पर्समधले होते तेवढे पैसे शर्वीच्या दप्तरात घातले. मधुरा वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा हर्षदानं तिला वरचेवर धरलं.

दोन दिवसांनी भूषण दवाखान्यात आला. दार लावून घेतलं. चेहरा लाल.

“फेरतपासणी लाव,” तो म्हणाला. “तुला अधिकार आहे. लिही, वाचनात शंका आहे. पोलीस आणतील तिला पुण्याहून.”

“आणून काय करणार?”

“शर्वी घरी येईल. मधुराचं काय व्हायचं ते होऊ दे. माझ्या तोंडाला काळं फासून गेली ती. लोक विचारतायत.”

“फेरतपासणीत दाढ काढून बघतात, भूषण. माझीच निघेल. मी तुरुंगात जाईन.”

तो थांबला. हर्षदाला, इतकं सगळं झाल्यावरही, वाटलं की आता तो खाली बसेल, ताई म्हणेल.

“मला ठाऊकच नव्हतं असं मी सांगू शकतो,” तो म्हणाला. “सगळं तू केलंस. मी तर नाहीच म्हणालो होतो.”

गँग्रीन झालेला जबडा पाहिल्यावर जसं कुठे कापायचं ते कळतं, तसं हर्षदाला कळलं. आश्चर्य म्हणजे राग आला नाही. “सांग ना,” ती म्हणाली. “मी तर शपथेवर सांगणार की नगरसेवकाच्या घरात, त्याच्या देखत ठरलं. तुझ्या बायकोची दाढ खोटी ठरली की तू परदेशी बाईचा नवरा ठरतोस. मग फ्लेक्सवर गाल बसलेला असला काय आणि नसला काय. जा, कर तक्रार. आणि आईला सांग, माझं ताट वाढू नको. मी इनामदारांच्या ओळखीनं इथंच खोली बघितलीय.”

त्यानं तक्रार केली नाही. करणार नाही हे तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं. दार उघडून तो गेला, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघी तेवढ्यात आत आल्या.

एक साठीची बाई, अंगावर विटकं लुगडं, दात मिश्रीनं काळे. दुसरी तिची सून, पूनम, पाचवा महिना लागलेला, डोळे रडून सुजलेले. तिचं नाव पूनम कुणी ठेवलं असेल ते सांगायला नकोच. म्हातारी झुंबराबाई गांगुर्डे. मार्केटात कांदा निवडायला जायची. आत येताच तिनं यंत्राकडे एकदा पाहिलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“हिला नळाच्या कामासाठी बोलावलंय सोमवारी. तोंड बघणार म्हणे.”

“हो,” हर्षदा सावधपणे म्हणाली. “मग सोमवारी या.”

“तुमची भावजय हिच्याशी बोलली, जाण्याआधी.” झुंबराबाईंनी आवाज खाली आणला. “मला सगळं समजलं नाही. पण एवढं समजलं, की दाढ लागते. गावची.”

एक शब्द बाहेर फुटला की संपलं. हर्षदानं दाराकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, तोवर म्हातारी जाऊन खुर्चीत बसलीसुद्धा. चपला काढून, पाय वर घेऊन, देवळात बसावं तशी.

“माझं माहेर ह्याच नदीवर, वरच्या अंगाला,” ती म्हणाली. “जन्मापासून हेच पाणी. चालंल ना?”

“मावशी, दुखेल. आणि कुणाला कळलं तर तुम्हीही अडकाल.”

“पाच बाळंतपणं झाली माझी. दुखण्याचं मला नका सांगू. आणि म्हातारीची दाढ गेली तर विचारतंय कोण?” तिनं सुनेकडे पाहिलं. पूनम भिंतीला टेकून हमसत होती. “हिचं पोटातलं येईल तेव्हा ही माझ्याजवळ पाहिजे.”

हर्षदानं हातमोजे चढवले. दिवा तोंडावर ओढला. झुंबराबाईंनी आ केला. एक दाढ हलत होती, दोन किडलेल्या होत्या. उजवीकडची खालची मात्र मिश्रीच्या थराखाली शाबूत होती.

“एवढी एकच धड आहे तुमची,” हर्षदा म्हणाली. “भाकरी ह्याच बाजूनं चावता ना?”

म्हातारीनं तोंडातला आरसा हातानं बाजूला केला.

“काढा तीच,” ती म्हणाली. “फक्त हिला नीट बसंल अशी बघा.”